पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचा वध

उज्जैनच्या यशोधर राजाला वाईट स्वप्न पडते. अरिष्ट टाळायचे तर देवीला जिवंत प्राण्याचा बळी दे, असे त्याची आई चंद्रमती सांगते. राजाला हिंसा नको असते आणि आईचे मनही मोडवत नाही. शेवटी तडजोड निघते: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो देवीपुढे कापायचा. रक्त सांडत नाही, कोणाचा जीव जात नाही. तरीही या एका कृत्यापायी माय-लेकांना पशुपक्ष्यांच्या योनींतून जन्मामागून जन्म भोगावे लागले, असे जैन परंपरा सांगते. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये ‘यशस्तिलकचंपू’त ही कथा विस्ताराने मांडली, त्याच शतकात पुष्पदंतांनी मान्यखेटात अपभ्रंश भाषेत ‘जसहरचरिउ’ रचले. दोघेही राष्ट्रकूट सत्तेच्या काळात लिहीत होते. हे राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे म्हणवत आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अनेक इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातले कंधार हे त्यांचे महत्त्वाचे ठाणे होते. खोट्या वस्तूवर केलेली कृती खरी असते का, हा प्रश्न या मातीशी नाते सांगणाऱ्या सत्तेच्या काळात हजार वर्षांपूर्वीच इतक्या गंभीरपणे विचारला गेला होता.

आज तो प्रश्न व्हिडिओ गेमने पुन्हा पुढे आणला आहे. पडद्यावरचा शत्रू पिठाच्या कोंबड्याहूनही हलका आहे. त्याला पिठाएवढेही वजन नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांसाठी गावोगावची मुले लातूरला आणि नांदेडला खोल्या घेऊन राहतात. त्यांच्या हातातल्या मोबाईलची घरच्यांना काळजी वाटते ती तासांची: किती वेळ खेळलास, अभ्यास किती झाला? ही काळजी रास्त आहे, पण अपुरी आहे. खेळाने वेळ किती घेतला याचा हिशेब होतो. मनात काय ठेवले याचा होत नाही. माझे म्हणणे असे की खेळातले फळ खोटे असले तरी त्याचा संस्कार खरा असतो. एखादा गेम वर्षानुवर्षे का आठवतो, याचे उत्तरही इथेच आहे. चित्रांची झळाळी लवकर जुनी होते. आठवणीत टिकतो तो गेम, ज्याने खेळणाऱ्याला एखादी गोष्ट मनापासून करायला लावली आणि ती आपण केली याची जाणीवही दिली.

आठवण कशी घडते याचा नेमका विचार आपल्याकडे वैशेषिक दर्शनात झाला आहे. प्रशस्तपादांच्या भाष्यात स्मृतीला कारण होणाऱ्या संस्काराची तीन मुळे सांगितली आहेत. पहिले आश्चर्य: दक्षिणेतल्या माणसाने पहिल्यांदा उंट पाहिला तर तो त्याच्या मनावर ठसतो. दुसरा अभ्यास: विद्या, कला, व्यायाम यांत पुन्हापुन्हा केल्याने ठसा पक्का होतो. तिसरा आदर: पूर्वी कधी न पाहिलेले काही पाहण्यासाठी माणूस मन एकवटतो, प्रयत्न करतो आणि ते दिसते तेव्हा उमटणारा ठसा. गेमच्या आठवणी या तीन मुळांवर ठेवून पाहिल्या की बरेच उलगडते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा गेम घ्या. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, भिंतींवर चितारलेल्या पुराणकथा. आपले देव, आपली वास्तू पडद्यावर इतक्या मायेने उभी राहिलेली पाहण्याचा योग भारतीय खेळाडूला फार कमी आला होता. ‘राजी’तली लढाई मला फारशी आठवत नाही, त्या भिंती आठवतात, ती आश्चर्याची स्मृती आहे. अलेक्सी पाजित्नोव यांचा १९८४ चा ‘टेट्रिस’ अभ्यासाचा नमुना आहे. त्यात गोष्ट नाही, माणूस नाही, तरी डोळे मिटले की तुकडे खाली येत राहतात. मात्र हे ठसे कितीही पक्के असले तरी माणूस म्हणून आपल्याला काही विचारत नाहीत. माझ्या दृष्टीने थोर ठरतात ते तिसऱ्या मुळाचे गेम.

फुमितो उएदा यांच्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ मध्ये (२००५) एका तरुणाला मृत मुलीला परत आणायचे आहे आणि त्यासाठी सोळा महाकाय प्राणी मारायचे आहेत. त्यांतले काही आपणहून हल्लाही करत नाहीत. प्रत्येक वधानंतर विजयाच्या वाद्यांऐवजी शोकाचे सूर ऐकू येतात आणि नायकाचे रूप हळूहळू बिघडत जाते. लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’ मध्ये (२०१३) आपण सीमेवरचे तपासनीस असतो. नवऱ्याची कागदपत्रे बरोबर असतात, मागे उभ्या बायकोची नसतात. तिला सोडले तर चूक आपल्या नावावर लागते, आणि अशा चुका वाढल्या की पगार कापला जातो आणि घरी मुलाबाळांना अन्न-औषध कमी पडते. चित्रपटात हेच प्रसंग पाहिले तर आपण नायकावर रागावलो असतो किंवा त्याची कीव केली असती. इथे ते हात आपले असतात. पश्चात्ताप ही भावना प्रेक्षकाला होऊ शकत नाही, ती कर्त्यालाच होते. म्हणून कादंबरी आणि सिनेमा यांनी आजवर न दिलेला अनुभव गेम देऊ शकतो. टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ (२०१५) आणखी पुढे जातो. त्यात एकालाही न मारता शेवट गाठता येतो, आणि सर्वांना मारूनही. सर्वसंहाराचा शेवट गाठल्यावर नव्याने सुरुवात केली, तरी पुढच्या शांत शेवटावरही त्याची सावली पडते. पाटी पुसता येते, केलेले पुसता येत नाही. कर्मसिद्धान्तातला सर्वांत अवघड मुद्दा या छोट्याशा खेळाने कोणतेही प्रवचन न देता अनुभवाला आणून दिला आहे.

खेळाला असे धार्मिक वजन देणे आपल्या परंपरेला परके नाही. मोक्षपट, ज्याचे श्रेय लोकपरंपरा ज्ञानदेवांना देते, हा याच जातीचा खेळ. पुरावा त्या श्रेयाला पुरेसा नाही. खेळाची रचना मात्र स्पष्ट आहे: सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि शेवटी मोक्षाचे घर. हा खेळ विलायतेला गेला आणि कालांतराने घरांवरची ती नावे गळाली. साप राहिले, शिड्या राहिल्या, सोंगटी तशीच पुढेमागे होत राहिली, आणि कोणत्या सापाने का गिळले हे आठवण्याचे कारणच उरले नाही. पण मोक्षपटालाही एक मर्यादा होती. तिथे कवड्या ठरवतात, खेळणारा नाही. क्रोधाच्या सापावर सोंगटी जाते तेव्हा कोणी रागावलेले नसते. निवड खेळणाऱ्याच्या हाती देणारा व्हिडिओ गेम त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. याहून जिवंत उदाहरण नांदेडला दरवर्षी दिसते. सचखंड श्री हुजूर साहिब येथून होळीच्या वेळी आणि दसऱ्याला हल्लाबोल मिरवणूक निघते. निशाण साहिब, घोडे, शस्त्रे, गतक्याची प्रात्यक्षिके आणि आरोळीसरशी समोर धावत सुटणारा समुदाय. समोर शत्रू कोणीच नसतो. गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूरला लुटुपुटीच्या लढाईने होला महल्ला सुरू केला, तेव्हापासून हे असेच आहे. लढाई खोटी म्हणून ती धाव खोटी, असे गोदाकाठचा कोणीही भाविक म्हणणार नाही. शौर्य, शिस्त आणि एकोपा अंगी बाणावा म्हणूनच शत्रूवाचून ती लढाई केली जाते.

यावर सर्वांत मोठा आक्षेप यशोधरच घेईल. पिठाचा कोंबडा मारून पाप लागले असेल तर बीजीएमआय किंवा फ्री फायर अशा गोळीबाराच्या मोबाईल गेममध्ये रोज पन्नास जणांना गोळ्या घालणाऱ्या पोराचे काय? माझे उत्तर असे की यशोधराचा दोष पिठात नव्हता, संकल्पात होता. जिवाच्या बदल्यात जीव देत आहोत अशाच भावनेने त्याने शस्त्र चालवले. बुद्धिबळात वजीर मारणाऱ्याच्या मनात माणूस नसतो, डाव असतो. चौघांच्या संघात खेळणारी मुलेही बहुतेक वेळा डावच खेळत असतात. पडलेल्या मित्राला उठवायला कोण धावले, शेवटच्या वर्तुळात कोणी साथ दिली, हेच त्यांना आठवते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये याविषयीचे मत सावध शब्दांत मांडले: हिंसक गेममुळे आरडाओरडा, ढकलाढकली अशी आक्रमकता थोडी वाढलेली दिसते, पण गंभीर हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. याने माझी काळजी पुरती मिटत नाही. जिथे मरणाऱ्याकडे माणूस म्हणून पाहायचेच नाही अशी सवय लागते, तिथेही एक संस्कार होतोच, बेफिकिरीचा. महाकाय प्राण्याच्या मरणावर शोक करायला लावणारा गेम आणि मेलेल्यांचा नुसता आकडा वाढवणारा गेम यांत म्हणूनच मला नैतिक फरक दिसतो. शस्त्रे दोन्हीकडे असली तरी तो फरक राहील.

दुसरा आक्षेप वेदान्ताच्या बाजूचा आहे. जगच माया, तर तिच्यातल्या पडद्यावर आणखी एक माया कशाला? पण मायेत वावरणाऱ्यालाच साधना करायची असते, आणि आपल्या संतांनी कीर्तनात, भारुडात, सोंगांत कल्पिताचा आधार घेऊनच लोकांना जागे केले. कल्पित आहे म्हणून त्याज्य, हा निकष लावला तर भारूडही जाईल. कल्पित कशाकडे नेते, एवढेच विचारायचे. तिसरा आक्षेप मानसशास्त्राचा: लहानपणी खेळले ते सगळेच गोड आठवते, त्यात गेमचे कर्तृत्व कोणते? यात तथ्य आहे, मारिओवर जीव टाकणाऱ्या अनेकांना खरे तर आपली सुट्टीच आठवत असते. पण मग एकाच सुट्टीत खेळलेल्या दहा गेमांतले नऊ का विसरले जातात? आणि ‘पेपर्स, प्लीज’सारखा कळकट, कंटाळवाण्या कामाचा गेम प्रौढपणी खेळलेल्यांच्याही मनात का घर करतो? काळाची गोडी सर्वांना सारखी मिळते. संकल्पाचा ठसा काहींनाच उमटवता येतो.

चौथा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो, कारण तो माझ्याच म्हणण्याची दुसरी बाजू आहे. संस्कार खरा असेल तर तो बिघडवणाराही असणार. महानुभाव परंपरेतली कथा सांगते की नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला श्रीदत्तात्रेयांकडून शक्ती घेतलेले चांगदेव राऊळ पुढे भडोचच्या हरिपाळदेवाच्या देहात आले, तेच श्रीचक्रधर. या हरिपाळाला जुगाराचे वेड होते. हरल्यावर पत्नीने दागिने द्यायला नकार दिला आणि तो क्षण त्याच्या विरक्तीचे निमित्त ठरला. जुगारातून उठून निघालेल्या त्या अवताराच्या चरित्राला ‘लीळाचरित्र’ म्हणतात, यात मला खेळाविषयीचा आपल्या परंपरेचा सगळा विवेक दिसतो. खेळातले फळ खोटे असते तेव्हा मन संकल्पाकडे वळू शकते. फळच खरा पैसा झाले की मन फळापाशी अडकते आणि अभ्यासाचे जे मूळ विद्या देते तेच व्यसन देऊ लागते. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, ती रेषा म्हणूनच योग्य जागी ओढली आहे असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले आहे, तेही मी याच अर्थाने मानतो. अंतहीन फेऱ्या, रोजचे बक्षीस, न खेळल्यास तुटणारी साखळी यांवर उभा असलेला गेम अभ्यासाच्या मुळाला धरून ठेवतो आणि आदराच्या मुळाला पाणीच घालत नाही. त्याला तास जातात, आठवण मात्र राहत नाही.

लातूर-नांदेडच्या पालकांना आणि शिक्षकांना मला म्हणूनच एक वेगळा प्रश्न सुचवायचा आहे. ‘किती वेळ खेळलास?’ हे विचाराच, पण त्यापुढे ‘त्यात तू काय केलेस, आणि का केलेस?’ हेही विचारा. ज्या मुलाला याचे उत्तर देता येते, अमक्याला मी सोडले, तमक्याला वाचवायला मागे फिरलो, तिथे मी चुकलो, असे जो सांगू शकतो, त्याच्या हाती चांगला गेम लागला आहे असे समजावे. ज्याच्यापाशी आकड्यांखेरीज सांगण्यासारखे काहीच नाही, त्याचा वेळ वाया गेला एवढेच दुःख नाही. त्याच्या संकल्पाला कोणी हाकच मारली नाही, हे खरे दुःख आहे. पिठाच्या कोंबड्यावर उगारलेल्या हाताची दखल घेणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. पडद्यावर चालणाऱ्या हाताची दखल घ्यायला आपल्याला नवे शास्त्र शोधावे लागणार नाही.