दोन घरे, एक मूल

घटस्फोटाच्या कागदपत्रांत एक शब्द हमखास येतो, 'ताबा'. जमिनीचा ताबा, सदनिकेचा ताबा आणि त्याच भाषेत मुलाचा ताबा. कागदावर तो चालवून घ्यावा लागतो. पण हा शब्द न्यायालयातून घरी आला की आपण कसे बोलू लागतो, याकडे एकदा लक्ष द्या. "मुलगा मला मिळाला." "त्यांना महिन्यातले दोनच रविवार दिले आहेत." नकळत मूल हे वाटणीत आलेल्या वस्तूंच्या यादीत जाऊन बसते.

खरे तर कायद्यालाही हे मान्य नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या तेराव्या कलमानुसार पालक नेमताना मुलाचे कल्याण हाच सर्वांत वरचा विचार ठरतो. १९७३ साली रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांची खेळणीही नव्हेत. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात असावा अशी शिफारस केली. म्हणजे न्यायालय एक दिशा दाखवते. त्या दिशेने चालायचे मात्र आपल्याला असते, आणि तेही ज्या माणसाबरोबर एका छताखाली राहणे अशक्य झाले, त्याच माणसाबरोबर.

मग प्रश्न उरतो: पतिपत्नीचे नाते संपल्यावर दुसऱ्या पालकाशी आपले नेमके कोणते नाते राहते? ना आप्त, ना मित्र, ना परके. याला आपल्या भाषेत शब्दच नाही. गांधीजींनी संपत्तीच्या संदर्भात विश्वस्ताची कल्पना मांडली होती: जे आपल्या हाती आहे ते आपल्या मालकीचे नाही, ते सांभाळण्यासाठी आपल्याकडे सोपवलेले आहे. त्यांच्या मनात धन होते. मला वाटते, ही कल्पना अपत्यालाही तितकीच लागू पडते. आणि विश्वस्तपणात एक मोठी सोय आहे. दोन विश्वस्तांचे एकमेकांशी पटलेच पाहिजे असे नाही. ते सणाला एकमेकांकडे जात नसतील, पण विश्वस्त निधीचा हिशेब दोघेही चोख ठेवतात.

इथे एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलायला हवे. आपल्या सत्संगांमध्ये अशा व्यक्तीला पहिला सल्ला दिला जातो तो क्षमेचा. "सोडून द्या, माफ करा, मन मोकळे करा." सल्ला चांगला आहे, पण बहुतेक वेळा तो घाईने दिलेला असतो. क्षमा मागवून येत नाही, तिला वर्षे लागू शकतात. मुलाचा सोमवारचा डबा मात्र तोपर्यंत थांबत नाही. म्हणून कर्तव्याला भावनेची वाट पाहायला लावू नका. मनात राग असतानाही शाळेच्या पालकसभेची वेळ दुसऱ्याला कळवता येते. यात ढोंग नाही. आपल्याकडे याला कर्मयोग म्हणत आले आहेत. तो रणांगणाइतकाच मोबाईलवरच्या दोन ओळींच्या निरोपातही करावा लागतो.

जिथे मारहाण, व्यसनाचा कहर किंवा मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे तिथे हे काहीही लागू होत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या एकविसाव्या कलमानुसार दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट अपायकारक वाटल्यास ती नाकारूही शकतात. समजूतदारपणाच्या नावाखाली कोणीही भीती सोसत राहू नये.

पण बहुतेक घरांत प्रश्न इतका टोकाचा नसतो. तिथे कसोटी लागते ती बोलण्याची. मूल विचारते, "चूक कोणाची होती?" सत्य आणि अहिंसा दोन्ही पाळायचे ठरवले तर या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. खोटे बोलू नये, हे खरे. पण सगळे सांगणे म्हणजे सत्य नव्हे. आठ वर्षांच्या मुलापुढे उलगडलेली जुनी भांडणे ही बहुधा साक्षीदार जमवण्याची धडपड असते. "आमचे एकत्र राहणे जमले नाही. ते तुझ्यामुळे झालेले नाही. आम्ही दोघेही तुझे आहोत," एवढे खरे आहे आणि पुरेसे आहे. उरलेले ते मोठे झाल्यावर विचारील, तेव्हा बोलता येईल.

मात्र शब्द आवरले म्हणजे झाले असे नाही. बाबांचे नाव निघाले की सोडलेला सुस्कारा, आईचा फोन आला की टीव्हीचा वाढवलेला आवाज, हे मुलाला लख्ख कळते. तिकडून परत आल्यावर "घरी कोण कोण आले होते?" ही चौकशीही नको. "फी भरायची आहे असे बाबांना सांग" हा निरोपही मुलाच्या हाती नको. तो टपालवाला नाही. आणि आजी-आजोबा, मावशी, आत्या यांनाही हे प्रेमाने पण ठामपणे सांगावे लागते. पुष्कळदा आईवडील तोंड आवरतात आणि आजीच्या एका टोमण्याने सगळे वाया जाते.

आता घराकडे वळू. दोन घरे झाली की वस्तू दुप्पट होतात, आणि मग स्पर्धा सुरू होते. इकडे सायकल आली म्हणून तिकडे टॅब. अपराधीपणाची भरपाई खेळण्यांनी करण्याचा हा मोह फार जुना आहे. अपरिग्रह हा शब्द आपण ऐकतो तेव्हा आश्रमातली रिकामी खोली डोळ्यांपुढे येते. इथे त्याचा अर्थ साधा आहे: दोन्ही घरांत टूथब्रश, रात्रीचे कपडे, कंपासपेटी आणि मुलाची स्वतःची एक जागा, मग ती कपाटाचा एक कप्पा का असेना. एवढे असले की दर शुक्रवारी मुलाला संसार पाठीवर घेऊन निघावे लागत नाही.

कपाट आवरताना लग्नातली भांडी हाती येतात. आहेरावर नाव आणि तारीख कोरण्याची आपली पद्धत! काहीजण ती रागाने भंगारात देतात. देऊ नका असे मी म्हणणार नाही. पण ज्या वाटीत मूल पहिल्यांदा वरणभात जेवले, ती राहू द्या. तिच्यावरची तारीख मुलाच्या कहाणीची सुरुवात आहे.

नियमांचेही तेच. झोपेची वेळ, मोबाईलची वेळ, अभ्यास आणि औषधे, एवढ्या चार गोष्टी दोन्ही घरांत सारख्या ठरवा. बाकी सोडून द्या. तिकडे रात्री मॅगी खाल्ली, केसांना तेल लावले नाही, तर लावले नाही. आपल्या नजरेआड मूल वेगळ्या रीतीने सुखात राहू शकते, हे मान्य करणे फार जड जाते. ममत्वाची गाठ नेमकी तिथेच असते.

सणांचे मात्र आधी ठरवावे. गणपतीला सकाळी एका घरी आरती आणि संध्याकाळी दुसऱ्या घरी, अशी समसमान वाटणी कागदावर न्याय्य दिसते. मुलाचा सण रिक्षात जातो. एक वर्ष गणपती इकडे आणि दिवाळी तिकडे, पुढच्या वर्षी उलट, असे जानेवारीतच बोलून घ्या. दोन्ही घरांच्या भिंतीवर एकच दिनदर्शिका टांगा आणि त्याच तारखांवर त्याच रंगाच्या खुणा करा. वाचता येऊ लागल्यावर मूल स्वतःच तिच्यापुढे उभे राहून मोजते, आणि कोणालाही न विचारता त्याला कळते की रविवारी आपण कुठे असणार.