अनुकरणाची कैफियत

बुद्धिबळाच्या पटावर उभय पक्षांची सैन्ये समसमान असतात. भेद असतो तो केवळ पहिल्या चालीचा, आणि ती पांढऱ्याची असते. हौशी खेळाडूंना नेमके याचेच विस्मरण होते. अलेक्झांडर पेट्रोव्ह या एकोणिसाव्या शतकातील रशियन खेळाडूच्या नावाने जो बचाव प्रसिद्ध आहे, तो घेऊन असे दोघे समोरासमोर बसले, म्हणजे पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सारताच काळाही सारतो, पांढऱ्याने राजाकडचा घोडा काढताच काळाही काढतो, आणि पांढऱ्या घोड्याने काळे प्यादे मारले की काळा घोडाही तत्क्षणी पांढरे प्यादे मारून हिशेब चुकता झाल्याचे समाधान मानतो. मग पांढरा आपला वजीर राजापुढे आणून त्या घोड्यावर जोर लावतो. काळा घाबरून घोडा मागे घेतो. आणि पांढरा घोडा वाटेतून बाजूस उडी घेताच काळ्या राजाला वजिराचा शह लागतो, तर त्याच उडीने काळा वजीर घोड्याच्या माऱ्यात येतो. शह चुकवणे प्राप्तच असल्यामुळे वजीर हातचा जातो.

वस्तुतः आधी वजिरापुढचे प्यादे एक घर सारून आत शिरलेल्या घोड्यास हुसकावले असते, तर ते पांढरे प्यादे पुढच्याच चालीत निर्धास्तपणे मारता आले असते. हक्क तोच, वसुलीही तीच; परंतु मध्ये एक चाल स्वतःच्या विचाराची.

व्यवहारात ही मधली चालच आपण गाळतो. एका भावाने शेताचा बांध वीतभर कोरला की दुसराही कोरतो, एकाने फिर्याद गुदरली की दुसराही गुदरतो, आणि दोघांचीही कैफियत एकच असते: त्याने केले म्हणून मी केले. विवेकाच्या दरबारात ही कैफियत मंजूर होऊ शकत नाही, कारण कृत्य दुसऱ्याचे पाहून केले तरी त्याची जबाबदारी करणाऱ्याचीच राहते. अन्यायाचे निवारण अवश्य करावे, त्यात कसूर करू नये. परंतु ज्याने आपला अपकार केला, त्यानेच आपले पुढचे वर्तनही ठरवावे, हे पारतंत्र्य स्वाभिमानी मनुष्याने पत्करू नये.