नकाशावरील कोरी जागा

प्राचीन समुद्रांतील प्राणी पृथ्वीवर कोठें कोठें राहत होते, हें दाखविणारा नकाशा पाहतांना आपली दृष्टि ठिपक्यांवर खिळते. आणि जेथें ठिपका नाहीं तेथें कांहींच नव्हतें, असें आपण नकळत धरून चालतों. ‘न आढळणें’ आणि ‘नसणें’ यांतील हा घोटाळा दिसावयास लहान आहे; परंतु त्याचा संबंध न्यायबुद्धीशीं आहे.

माटुंग्याहून थोड्याच अंतरावर वरळी आहे. तेथें लाव्हाच्या थरांमधील गाळांत अश्मीभूत बेडूक सांपडले. रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं त्यांचें वर्णन केलें. ते गोड्या पाण्यांतले; म्हणजे आजच्या समुद्रकांठीं तेव्हां तळें होतें. उलट नर्मदेच्या खोऱ्यांत, समुद्रापासून दूर असलेल्या बाघ गांवच्या खडकांत वेटोळ्या कवचाचे अॅमोनाइट, कालवें व मुशीचे दांत मिळतात. सुमारें नऊ कोटि वर्षांपूर्वीं तेथवर समुद्र शिरला होता.

मग त्या समुद्राच्या नकाशावर महाराष्ट्र बहुतेक कोरा कां? सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हानें येथील जुनी भूमि झांकून टाकली. बाघकडे नदीनें खडक कापून जुनें पान उघडलें. येथें तें बहुधा मिटलेलेंच राहिलें. कोयनेच्या परिसरांत २०११ पासून खोल विवरें घेतलीं, तेव्हां लाव्हाखालीं थेट ग्रॅनाइटसारखा खडक लागला. तेवढ्या जागेपुरतें ‘सागरी गाळ नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार श्रमानें मिळाला. इतरत्र तो अधिकार नाहीं; तसाच मनाजोगता समुद्र कल्पिण्याचाही नाहीं.

शिवाय ठिपका पडावयास नुसता जीवाश्म पुरत नाहीं, शोधणाराही लागतो. जीवाश्मांच्या एका जागतिक नोंदसंग्रहाच्या परीक्षणांत असें दिसलें कीं, १९९० ते २०२० या काळांतील शेंकडा ९७ नोंदी संपन्न व उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील संशोधकांच्या होत्या. नकाशा प्राण्यांचा खरा. पण त्यांत शोधणाऱ्यांच्या पावलांचाही नकाशा मिसळलेला असतो.

माणसांविषयींही आपण असाच निकाल देतों. ज्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख होऊं दिली नाहीं, ज्या श्रमजीवी जातींच्या हातीं लेखणी येऊं दिली नाहीं, त्यांचे ग्रंथ नाहींत. म्हणून त्यांनीं विचारच केला नाहीं, असें म्हणणारे विद्वान् कमी नाहींत. त्यांच्या तोंडीं खोटे ग्रंथ घालणें हा न्याय नव्हे. पण झांकलेल्या पानाला कोरें पान म्हणणें हाही न्याय नव्हे. प्रामाणिक नकाशाकारास दोन रंग लागतात: शोधून न मिळालेल्या जागेचा एक, आणि अद्याप न शोधलेल्या जागेचा दुसरा.