मडकं, परमाणू आणि नायलॉन

कच्चं काळपट मडकं आव्यात भाजून लाल होतं. पण लाल नेमकं काय होतं? वैशेषिक दर्शनाचे पंडित म्हणतात, आगीत घडा परमाणूंपर्यंत विलग होतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांतूनच नवा घडा जुळतो. हा पीलुपाकवाद. न्याय दर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, ते पटेना. भट्टीतलं मडकं तर जागचं हलतही नाही, मग अख्खं मडकंच बदलतं असं का मानू नये? हा पिठरपाकवाद.

प्लास्टिकच्या कारखान्यात हा वाद पुन्हा उभा राहतो, तोही मातीसकट.

मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीचे थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे, पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांना चिकटलेले. नायलॉन-6 सुमारे 220 अंश सेल्सिअसला वितळतं. त्या रसात ही माती दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरमध्ये मळली, की आधी गठ्ठे फुटतात, मग नायलॉनच्या साखळ्या फटींत शिरतात आणि एकेक पान सुटं होतं. मात्र मातीवर आधी सेंद्रिय अमोनियम क्षारांची प्रक्रिया झालेली हवी. पिठलं करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: बेसन आधी नीट कालवलं नाही, तर गुठळी बाहेरून ओली आणि आत कोरडीच राहते. नुसता जोर लावूनही भागत नाही. साखळ्यांना आत झिरपायला वेळ लागतो, आणि अति घुसळलं तर त्याच तुटतात.

टोयोटाच्या संशोधकांनी 1980च्या दशकात असं मिश्रण घडवलं, ते थरांच्या फटींतच नायलॉन तयार करून. मातीचं प्रमाण शेकडा 5च्या आत. तरी ताठरपणा जवळपास दुप्पट झाला आणि भाराखाली वाकण्याचं तापमान 65 अंशांवरून 150च्या आसपास गेलं.

यात माती मातीच राहिली आणि नायलॉन नायलॉनच. स्फटिकांची ठेवण मातीजवळ थोडी बदलते, एवढंच. कणांत शोधायला जावं तर एवढ्या मोठ्या फरकाचं कारण तिथे सापडत नाही; बदलली आहे ती अख्खी वस्तू. म्हणून इथे तरी नैयायिकांचं पारडं जड वाटतं. बौद्ध पंडित विचारतील, वेगळी वस्तू कुठली, ही तर अवयवांची मांडणी! आक्षेप वजनदार आहे. पण भार पेलते ती ही मांडणीच, आणि तिला ‘नुसती’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

तीच माती, तेच नायलॉन एकाच स्क्रूच्या यंत्रातून काढलं, तर बरेच गठ्ठे तसेच राहतात आणि माल कमी ताठर निघतो.