सराईवाला कुठे आहे?

नाताळच्या नाटकात एक पात्र ठरलेलं असतं. दार उघडून "जागा नाही" असं खेकसणारा सराईवाला. आमच्या बल्लारपूरच्या पोरांत या कामासाठी भांडणं होतात, कारण ओरडायला मिळतं. पण लूकचं शुभवर्तमान उघडून बघा, हा माणूस त्यात नाहीच. त्यांना उतरायला जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं, एवढंच तिथे आहे. कुणी हाकललं नाही, कुणी दार आपटलं नाही.

हा खलनायक आपण नंतर घातला, आणि मला वाटतं, स्वतःच्या सोयीसाठी घातला. दुष्ट माणूस समोर असला की "मी असा नाही" म्हणून सुटता येतं. भरलेलं घर मात्र तुमचंही असतं आणि माझंही.

चंद्रपूर-गडचिरोलीत डिसेंबर आपल्याच कामात असतो. मूल, सावली, ब्रह्मपुरीकडे धानाची मळणी आणि विक्री. इकडे कोळशाच्या खाणी आणि पेपर मिलच्या पाळ्या. त्यातच आमचा उपवास चालतो. चांद्याचं सिरो-मलबार धर्मक्षेत्र १९६२ साली सुरू झालं, त्याचं मुख्य चर्च बल्लारपूरला आहे. केरळातून आलेल्या या परंपरेत १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत मांस-मासळी बंद. लॅटिन परंपरेत चार रविवार आणि चार मेणबत्त्या. शेवटच्या तीन-चार दिवसांत पापनिवेदनाची रांग वाढते, घरोघरी चांदणी टांगली जाते, गोठा मांडला जातो. (आम्ही गोठ्याला कोठा म्हणतो. गव्हाण म्हणजे काय हे इथल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही, एवढी श्रीमंती आमच्याकडे आहे.)

या सगळ्याला म्हणायचं मनाची तयारी. माझा प्रश्न साधा आहे: अशी तयारी खरंच करता येते का? घर झाडून लख्ख केलं की चिखलाचे पाय घेऊन कुणी आत येऊ नये असंच वाटायला लागतं. मनाचंही तसंच होत असेल, तर पंचवीस दिवसांच्या उपवासानंतर आपण जास्त उघडे होतो की जास्त बंद?

याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर चर्चमधलं नाही. ते आमच्याच जिल्ह्यातल्या वरोऱ्याचं आहे. बाबा आमटे तिथे वकील होते, नगरपालिकेत होते, भंगीकामाचा अनुभव घ्यावा म्हणून त्यांनी मैला डोक्यावरून वाहिला होता. इंग्रज सैनिकांना भिडून एका बाईची अब्रू वाचवली म्हणून गांधीजी त्यांना 'अभयसाधक' म्हणत. यापेक्षा जास्त तयारी कुणाची असणार? आणि एका पावसाळी दिवशी रस्त्याकडेला तुळशीराम दिसला. कुष्ठरोगानं पार झडलेला, मरणाच्या दारात पडलेला माणूस. अभयसाधक घाबरून पळाला.

ही गोष्ट बाबांनी स्वतः जगाला सांगितली, म्हणून आपल्याला माहीत आहे. पळालेला माणूस नंतर परत फिरला. त्यानं तुळशीरामची शुश्रूषा केली, कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं, १९४९ मध्ये आनंदवन उभं केलं. आणि २३ डिसेंबर १९७३ ला गडचिरोलीच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. नाताळला दोन दिवस होते. बाबांनी तारीख नाताळ बघून ठरवली असं मला मुळीच म्हणायचं नाही. ते ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना ओढून आपल्या गोठ्यात बसवण्याची गरजही नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते परत फिरणं. पहिल्या हाकेला सगळी साधना कोलमडली. पण तिच्यातलं काहीतरी उरलं असेल, ज्यानं त्यांना घरी स्वस्थ बसू दिलं नाही. उपवासाचा उपयोग असेल तर तो तिथे असावा, दार ठोठावल्यानंतरच्या त्या वेळेत.

आता घरातलं सांगतो. पप्पा आणि मूलचे काका अकरा वर्षं बोलत नाहीत. वाटणीचं प्रकरण आहे, तपशील कंटाळवाणा आहे. दर नाताळच्या आधी पप्पा पापनिवेदन करतात आणि आईला सांगतात, "मी तं त्याले कवाच माफ केलं." ते खोटं बोलत नाहीत. पण मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू जे सांगतो ते वेगळं आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, हे तिथे विचारलेलंच नाही. म्हणजे माझं मन मी एकट्यानं कितीही घासलं तरी काम अर्धंच राहतं. उरलेलं अर्धं दुसऱ्याच्या घरात असतं, आणि तिथं चालत जावं लागतं, आणि तो दार उघडेलच असंही नाही.

हे मी परवा जेवताना बोललो. आईनं ताटात वरण वाढलं. पप्पा काही बोलले नाहीत. भात संपवला, हात धुतले, टीव्ही लावला, बंद केला.

मग म्हणाले, "गोंदियाची गाडी बल्लारशाहून सकाळी किती वाजता सुटते, पाय बरं मोबाईलवर. मूलले थांबते ना ते?"