उतार कशाने पडला?

वेदना ज्याची त्यालाच प्रत्यक्ष असते. त्यामुळे पाठीवरील उपचारानंतर दुखणे कमी झाल्याचे रुग्ण सांगतो, तेव्हा त्याच्या अनुभवाविषयी शंका घेण्याचे कारण नसते. मात्र ते कशामुळे कमी झाले, हे त्या अनुभवात सामावलेले नसते. न्यायदर्शनाच्या परिभाषेत उतार पडल्याची जाणीव हे प्रत्यक्ष, तर त्याचे कारण सांगणे हे अनुमान होय. आणि या अनुमानाला अन्वय, म्हणजे कारण असता कार्य असणे, एवढाच आधार पुरत नाही, तर व्यतिरेक, म्हणजे कारण नसता कार्यही नसणे, दाखवावा लागतो.

हाडांच्या ठिसूळपणामुळे दबलेल्या मणक्यात सुईवाटे सिमेंट भरण्याच्या 'वर्टिब्रोप्लास्टी' या क्रियेबाबत असा व्यतिरेक तपासणाऱ्या दोन चाचण्या २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी १३१ रुग्णांच्या चाचणीत, चिठ्ठ्या टाकून करावी तशी विभागणी करून, एका गटाची पाठ केवळ बधिर केली गेली, ती दाबली गेली, सिमेंटचा वासही खोलीत पसरू दिला गेला. भरले मात्र काहीच नाही. महिन्याभराने दोन्ही गटांना उतार पडलेला होता आणि त्यांत लक्षणीय फरक नव्हता. ७८ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीचा निष्कर्षही तसाच होता. पुढे २०१६ मध्ये, सहा आठवड्यांच्या आतील अस्थिभंग आणि तीव्र वेदना असलेल्या १२० रुग्णांत याच क्रियेचा लाभ दिसला. म्हणजे कार्यकारणसंबंध असलाच, तर तो विशिष्ट अटीने, नैयायिकांच्या भाषेत उपाधीने, मर्यादित ठरतो.

खर्चाचा हिशेबही या अनुमानावरच उभा असतो. अमेरिकेतील 'स्पोर्ट' या अभ्यासाच्या आधारे, सरकलेल्या चकतीवरील शस्त्रक्रियेने मिळणाऱ्या निरामय आयुष्याच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे ६९ हजार डॉलर खर्च येतो, असे २००८ मध्ये मांडले गेले. परंतु त्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गटातील निम्म्याच रुग्णांनी पहिल्या तीन महिन्यांत ती करून घेतली, तर दुसऱ्या गटातील तीस टक्क्यांनी त्याच काळात तिचा मार्ग धरला, आणि त्यामुळे व्यतिरेकच धूसर झाला.

सिमेंट न भरता केलेल्या देखाव्यासारख्या लटक्या क्रियेवर नैतिक आक्षेप असा, की कांटच्या मते माणसाला केवळ साधन म्हणून वापरता येत नाही. परंतु आपल्या वाट्याला लटकी क्रिया येऊ शकते हे जाणून जो संमती देतो, तो ज्ञानाच्या शोधात सहभागी असतो. याउलट, न तपासलेली क्रिया सिद्ध म्हणून ज्याच्यावर केली जाते, त्याच्यावर संमतीविना प्रयोगच होत असतो. म्हणून या दोहोंत अधिक आक्षेपार्ह ठरते ती दुसरी गोष्ट.