देह निसर्गाचा, दर्जा कोणी ठरविला?



'लिंग' आणि 'लिंगभाव' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते एक नाहीत. लिंग ही देहाची गोष्ट आहे. गर्भ राहणे, बाळाला अंगावर पाजणे हे देहाने ठरते. परंतु भाकरी कोणी थापावी, पैसा कोणाच्या हाती असावा, बैठकीत कोणी बोलावे, हे समाजाने ठरविले आहे. त्याला लिंगभाव म्हणतात.

बारामती-इंदापुरात उसाच्या फडावर हा फरक उघड दिसतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. तो ऊस तोडतो. ती मोळी बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत नेते. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. ओझे वाहताना बाई नाजूक नसते. पैसे घेताना तेवढी ती अबला ठरते! हा न्याय तिच्या देहातून आला काय?

वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की गवत, किडे, पशुपक्षी यांच्या जाती जन्मजात खुणांनी ओळखू येतात. माणसांत तशी खूण नाही, माणूस कर्माने ओळखला जातो. यावर कोणी म्हणेल, जातीची खूण देहावर नाही, पण स्त्री-पुरुषाची तर आहे! आहेच. पण भेद म्हणजे उच्चनीचता नव्हे. भात शिजला का ते दोन बोटांनी चाचपणाऱ्या बाईला ज्ञान कसले, असे माराने सोमा थेरीला हिणविले. चित्त एकाग्र झाले, ज्ञान उदयास आले, तर बाईपण आड येतेच कुठे, असा तिच्या उत्तराचा आशय आहे.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. काहींचा देह नर-मादी या दोन खणांत नेमका बसत नाही. काहींच्या देहाची खूण एक असते, पण अंतरीची ओळख दुसरी. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या संविधानाच्या आधारे तृतीयपंथीयांना मान्यता दिली आणि आपली ओळख ठरविण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असे सांगितले. तरीही शाळेत एखादा मुलगा हळव्या स्वभावाचा असला की त्याला 'बायल्या' म्हणतात. जन्मावरून हिणविले जाण्याचे दुःख आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. तेच दुःख आपल्या लेकरांनी दुसऱ्याला द्यावे काय?

म्हणून घरापासून आरंभ करावा. मुलाच्या हाती झाडू द्यावा, मुलीच्या हाती घरखर्चाची वही. मुलीचे शिक्षण लग्नासाठी तोडू नये. कोणाचे लेकरू वेगळे वाटले तर त्याला मारू नये, बुवाकडे नेऊ नये. त्याचे ऐकून घ्यावे.

1956 साली नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती उंबऱ्याबाहेरच पाळावी, असे तिच्यात कोठेही म्हटलेले नाही.

जय भीम!